डंप हिरवा झालाय, पण कसला हिरवा? डिचोलीच्या खाणपट्ट्याचा नकाशा घरच्या लॅपटॉपवर कसा करायचा

उत्तर गोव्यातल्या डिचोली तालुक्यात आमच्या घराच्या मागच्या दारातून एक डोंगर दिसतो. माझ्या आजीच्या तरुणपणी तो नव्हता. लोहखनिजाच्या खाणीतून निघालेली माती आणि कमी प्रतीचा दगड, ज्याला इथे सगळे 'रिजेक्शन' म्हणतात, ते वर्षानुवर्षं आणून ओतल्यावर तयार झालेला हा डंप. मी शाळेत होते तेव्हा तो लालभडक होता, आता दाट हिरवा आहे. बाबांनी अर्धं आयुष्य खाणीवर ट्रक चालवला. एकदा संध्याकाळी चहा पिता पिता त्यांनी मला विचारलं, "तू कॉम्प्युटरवर नकाशे करतेस ना? मग हा डोंगर बरा झाला का, ते सांग."

मी उच्च माध्यमिकला भूगोल शिकवते. 'हो, झाला' असं तोंडावर आलं होतं, पण सांगायला आधार काहीच नव्हता. मग दोन वर्षं सुट्ट्यांमध्ये जे केलं, जिथे चुकले आणि जे शेवटी जमलं, ते इथे मांडते. लागतं काय? ८ जीबी रॅमचा साधा लॅपटॉप, क्यूजीआयएस हे नकाशे करायचं फुकट सॉफ्टवेअर, इंटरनेट आणि चालायची तयारी.

आधी तारखा, कारण त्यांच्याशिवाय नकाशाला अर्थ येत नाही. गोव्यात खाणी दोनदा जवळपास एका झटक्यात थांबल्या. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाच्या अहवालानंतर सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणकाम स्थगित केलं आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. एप्रिल २०१४ च्या निकालाने वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून वाट मोकळी झाली. फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने ८८ लिजांचं (खाणपट्ट्यांच्या करारांचं) नूतनीकरण रद्द केलं आणि १६ मार्चपासून पुन्हा सगळं ठप्प. त्यानंतर लिलाव झाले आणि २०२४ मध्ये डिचोलीत काम परत सुरू झालं. हजारो घरांची चूल या तारखांवर अवलंबून होती, आमचीही होती. पण नकाशा करणाऱ्याला अशी स्पष्ट 'आधी' आणि 'नंतर' क्वचित मिळते. आता खाणी परत सुरू झाल्यामुळे आजची स्थिती नोंदवून ठेवणं जास्तच गरजेचं आहे.

आधी प्रश्न लहान करा

'गोव्यातलं खाण प्रदूषण' हा नकाशाचा विषय होऊ शकत नाही. 'या दोन डंपांवर २०११ पासून काय उगवलं आणि त्यांच्या पायथ्याच्या मळ्यात वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतरचं भात, होतं का' हा होऊ शकतो. मी एवढाच घेतला.

क्यूजीआयएस उघडलं की पहिलं काम प्रोजेक्शनचं, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मीटरमध्ये मांडायची पद्धत निवडायचं. गोव्यासाठी यूटीएम झोन ४३ उत्तर, कोड ३२६४३. हे न करता अक्षांश-रेखांशातच काम केलं तर क्षेत्रफळ चौरस अंशांत येतं आणि कोणाच्याच उपयोगाचं नसतं. मग गूगल अर्थवरची जुनी चित्रं बघत डंपाची हद्द, खाणीचा खड्डा आणि मळ्याचे तुकडे हाताने आखून घ्या. डंपाची हद्द आखल्यावर ती ३० मीटर आत घ्या, म्हणजे काठावरचे अर्धे डंपाचे, अर्धे कुळागराचे (सुपारी-नारळाच्या बागेचे) पिक्सेल, म्हणजे उपग्रहाच्या चित्रातले चौकोन, मोजणीत शिरत नाहीत. मळ्याच्या तुकड्यांना सर्व्हे नंबर दिलेत तर शेतकऱ्याशी बोलताना फार सोपं जातं. 'पॉलिगॉन ७' म्हटलं तर तो तुमच्या तोंडाकडे बघतो. सर्व्हे नंबर सांगितला तर घरातून एक-चौदाचा उतारा (आमच्याकडचा सातबारा) घेऊन येतो.

कुठलं चित्र घ्यायचं

खाणी बंद होण्याआधीच्या स्थितीसाठी लँडसॅट ५ हा अमेरिकी उपग्रह घ्या. त्याची चित्रं नोव्हेंबर २०११ ला थांबली आणि लँडसॅट ८ फेब्रुवारी २०१३ मध्ये वर गेला. मधल्या काळात फक्त लँडसॅट ७ आहे, पण मे २००३ पासून त्याच्या चित्रांत काळे पट्टे पडतात. म्हणून माझं 'आधी'चं चित्र २०११ च्या जानेवारी-फेब्रुवारीचं आहे. बंदीच्या सर्वात जवळचं नाही, पण स्वच्छ आहे. लँडसॅटचा पिक्सेल ३० मीटरचा, म्हणजे एका हेक्टरात जेमतेम ११ पिक्सेल. २०१५ च्या अखेरीपासून सेंटिनेल-२ हा युरोपियन उपग्रह मिळतो: १० मीटरचा पिक्सेल, हेक्टरात १००. २०१७ मध्ये त्याचा जोडीदार वर गेल्यापासून दर पाच दिवसांनी नवं चित्र. दोन्ही फुकट. सेंटिनेलचा एक तुकडा एक जीबीच्या आसपास असतो. आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून मी डाउनलोड रात्री लावून झोपते.

वातावरणाचा परिणाम काढून टाकलेलं 'लेव्हल-२' उत्पादनच घ्या. लँडसॅटच्या त्या फाइलमधला आकडा तसाच वापरायचा नसतो. त्याला ०.००००२७५ ने गुणून ०.२ वजा करावे लागतात. २०००० हा आकडा म्हणजे ०.३५ परावर्तन. हे न करता पुढे गेलात तर उत्तर येतं, पण चुकीचं येतं आणि कुठलीही सूचना मिळत नाही.

हिरवेपणाचं गणित एनडीव्हीआयचं: हिरवं पान लाल प्रकाश शोषतं आणि इन्फ्रारेड परत फेकतं, त्या फरकाचा आकडा. बँड म्हणजे चित्रातला एकेका रंगाचा थर; पुढच्या जोड्यांत पहिला इन्फ्रारेडचा, दुसरा लालचा. सेंटिनेलसाठी रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये (बँड ८ − बँड ४) ÷ (बँड ८ + बँड ४). लँडसॅट ८ ला ५ आणि ४, लँडसॅट ५ ला ४ आणि ३. उघड्या मातीला शून्याच्या थोडंसं वर, भरगच्च झाडोऱ्याला ०.७-०.८. लँडसॅटचा आकडा सेंटिनेलच्या आकड्याशी थेट ताडून बघू नका, यंत्रं वेगळी आहेत. लँडसॅटची तुलना लँडसॅटशी करा, सेंटिनेलची सेंटिनेलशी.

माझी फजिती

पहिल्याच वर्षी मी डिसेंबर २०२० आणि डिसेंबर २०२२ ची सेंटिनेल चित्रं घेतली, वजाबाकी केली आणि थंड पडले. डंपावरची हिरवळ कोसळली होती. रात्री अकराला बाबांना उठवून पडदा दाखवला. ते डोळे चोळत म्हणाले, "आणि आपलं कुळागर कुठे गेलं?"

बघते तर खरंच. सुपारी, नारळ, पाटाचं पाणी, सगळं जागच्या जागी असलेलं आमचं कुळागरसुद्धा माझ्या नकाशावर वाळून गेलं होतं. अख्खा तालुकाच वाळला होता. एवढ्या मोठ्या बदलात बहुधा चूक आपलीच असते. शोधल्यावर सापडलं: २५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेल-२ च्या प्रत्येक आकड्यात १००० मिळवून फाइल दिली जाते. ते आपण वजा करायचे असतात. उदाहरण घ्या. इन्फ्रारेड ३००० आणि लाल ५०० असेल तर २५०० भागिले ३५००, म्हणजे ०.७१. त्याच झाडाचे वाढीव आकडे ४००० आणि १५०० धरले तर २५०० भागिले ५५००, म्हणजे ०.४५. झाड तेच, पान तेच, नकाशावर मात्र दुष्काळ. जुनी चित्रंही आता नव्या पद्धतीने परत तयार करून ठेवलेली असतात, त्यामुळे नुसत्या तारखेवर जाऊ नका. फाइलच्या नावात 'एन' अक्षरानंतरचे चार अंक बघा. ०४०० किंवा त्याहून मोठे असतील तर १००० वजा करा.

तेव्हापासून माझा नियम ठरला. नकाशात कायम दोन साक्षीदार जागा ठेवायच्या: एक कधीच न बदलणारी हिरवी आणि एक कधीच न बदलणारी उघडी. हिरवी म्हणजे आमचं कुळागर, उघडी म्हणजे गावाबाहेरच्या सड्यावरचा, उघड्या पठारावरचा, कातळ. प्रत्येक नव्या चित्रात आधी या दोघांचे आकडे बघायचे. ते हलले नसतील तरच डंपाकडे वळायचं.

सडा निवडताना महिना जपा. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) दिवसांत सडा गवताने आणि फुलांनी हिरवागार असतो, डिसेंबरनंतर परत काळा-तांबडा कातळ. शिवाय तो जांभ्या दगडाचा असल्यामुळे लोहाचा रंग त्यालाही आहे. लाल बँडला निळ्याने भागून 'लोह निर्देशांक' काढला की डंप, सडा आणि कच्चा रस्ता एकसारखेच पेटून उठतात. त्या एका निर्देशांकावरून 'प्रदूषित क्षेत्र' रंगवलेले नकाशे मी पाहिले आहेत. त्यात देवळासमोरचं मैदानही प्रदूषित निघालं होतं.

डोंगर किती वाढला ते उंचीवरून

हा भाग मला स्वतःला सगळ्यात आवडतो. फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातून रडारने पृथ्वीची उंची मोजली, तो एसआरटीएम. दुसरं कोपर्निकस उंची-प्रतिमान, त्यासाठीची मोजणी मुख्यतः २०११ ते २०१५ ची. या दोघांच्या मध्ये बरोबर गोव्याच्या खाणीची सगळ्यात धामधुमीची वर्षं येतात, चीनला माल चालला होता ती. दोन्ही ३० मीटरचे, दोन्ही फुकट. एकाच प्रोजेक्शनमध्ये, एकाच जाळीवर आणा आणि दुसऱ्यातून पहिला वजा करा. जिथे भर पडली तिथे अधिक, जिथे खोदलं तिथे उणे.

पण वजाबाकीतला प्रत्येक मीटर खरा मानू नका. दोघांची उंचीची पातळी किंचित वेगळी आहे आणि दोन्ही रडार झाडांच्या शेंड्यांनाही अडखळतात. सपाट सड्यावर फरक शून्य यायला हवा. जो येईल त्याची सरासरी सगळीकडून वजा करा. त्यानंतरही १० मीटरपेक्षा लहान फरक मी सोडून देते. उरलेल्यातून घनफळ काढता येतं: ३० मीटरच्या पिक्सेलवर १२ मीटर भर म्हणजे ९०० गुणिले १२, अर्थात १०,८०० घनमीटर. खड्ड्यांच्या बाबतीत हे चालत नाही. त्यांत पाणी साचलेलं असतं आणि रडार पाण्याच्या पृष्ठभागाखाली बघत नाही, त्यामुळे नकाशावर दिसते ती खोली फक्त पाण्यापर्यंतची.

आमच्या मागच्या डोंगराचा तुकडा पडद्यावर गडद लाल उमटला तेव्हा बाबा बराच वेळ बघत होते. मग बोट ठेवून म्हणाले, "हा भाग आमच्या गाडीचा. तो पलीकडचा दुसऱ्यांचा." नंतर गूगल अर्थच्या जुन्या चित्रांत पाहिलं, पलीकडचा भाग खरंच उशिरा भरला होता.

गाळ कुठे जातो

इथे उपग्रह आंधळा आहे, हे आधीच सांगून टाकते. गाळ वाहतो जून ते सप्टेंबर, तीन हजार मिलिमीटरच्या आसपासच्या पावसात, आणि त्याच चार महिन्यांत वर ढगांचं छप्पर असतं. रडारचा उपग्रह ढगातून बघतो, पण त्याला पाण्याचा रंग कळत नाही. म्हणून इथे आडवळणाने जावं लागतं.

कोपर्निकसच्या उंचीवर क्यूजीआयएसमधलं 'आर.वॉटरशेड' चालवा. पाणी डंपावरून कुठल्या बाजूने उतरतं, कुठल्या ओहळाला मिळतं, याच्या रेषा मिळतात. मी त्या छापून मळ्यात घेऊन गेले. बांधावर एक वयस्क शेतकरी उभे होते. त्यांनी कागद उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "बाय, पावसात ये. ३० मीटरच्या चौकोनाला हा पाट दिसतो होय?" बरोबरच होतं त्यांचं. पाट, मोरी, गाळ अडवायला बांधलेली भिंत, ती फुटलेली जागा, यातलं काहीही ३० मीटरच्या नकाशात येत नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात छत्री घेऊन परत गेले. माझ्या रेषेपासून साधारण दोन शेतं सोडून लाल पाणी आत शिरत होतं. फुटलेल्या मोरीतून.

तेव्हा कागदावरच्या रेषा म्हणजे पावसात कुठे उभं राहायचं याची यादी समजा. त्या जागांवर पारदर्शक बाटलीत पाणी भरा, बाटलीवर जागा-तारीख-वेळ लिहा, शक्य असेल तर कॉलेजच्या प्रयोगशाळेत गढूळपणा मोजून घ्या. डंपाच्या वरच्या अंगाचा एक नमुना आणि खालच्या अंगाचा एक, अशी जोडी हवीच. एकटा खालचा नमुना काही सिद्ध करत नाही, पावसात सगळेच ओहळ गढूळ असतात.

दुसरी खूण वायंगणाची. पावसाळी भाताच्या वेळी ढग असतात, पण वायंगणाचं भात जानेवारी-फेब्रुवारीत शेतात उभं असतं आणि आकाश निरभ्र. 'झोनल स्टॅटिस्टिक्स' वापरून प्रत्येक सर्व्हे नंबरचा सरासरी एनडीव्हीआय काढा, दरवर्षी त्याच पंधरवड्यातला. ज्या तुकड्यात पूर्वी पीक दिसायचं आणि नंतर नाही, त्याची यादी होते.

इथे मी जवळजवळ दुसऱ्यांदा तोंडघशी पडणार होते. यादीतले काही तुकडे २०१२ नंतर ओसाड पडले होते, म्हणजे खाण बंद झाल्यावर! मला वाटलं जुन्या डंपाचा गाळ उतरला असेल. मळ्यात विचारलं तर गोष्ट भलतीच. खाण चालू असताना खड्ड्यातलं पाणी पंपाने उपसून बाहेर सोडायचे, त्यावर ही शेतं वायंगण काढत होती. खाण थांबली, पंप थांबला, वायंगणही गेलं. दुसऱ्या काही तुकड्यांत गाळ खरोखरच होता. कुदळीने खणलं की वर तांबडा, गुळगुळीत थर आणि खाली मूळची काळपट माती, पट्टीने मोजता येईल इतका स्पष्ट फरक. उपग्रहाला दोन्ही तुकडे सारखेच. म्हणून यादीच्या शेजारी एक रिकामा स्तंभ ठेवा, 'कारण', आणि तो मळ्यात जाऊनच भरा.

आणि हिरवळ कसली?

आता बाबांचा मूळ प्रश्न. २०११ ते आजपर्यंतचे आकडे मांडले की डंपाची रेषा चढत जाते आणि शेवटी जवळपास कुळागराला जाऊन टेकते. इथे थांबले असते तर उत्तर होतं: बरा झाला.

पण डंपांवर मुद्दाम लावलेली झाडं बहुतेक ऑस्ट्रेलियन अकेशियाची. कसल्याही निकस मातीत भराभर वाढतो, उतार धरून ठेवतो, वर्षभर हिरवा. डिसेंबरच्या चित्रात तो आणि आमचं किंदळ-माट्टी-नाण्याचं मूळचं रान यांत फरक कळत नाही. फरक कळतो तो शिगम्याच्या (होळीच्या) आसपास. फेब्रुवारी-मार्चमध्ये किंदळ, नाणा पानं गाळतात, अकेशिया गाळत नाही. म्हणून एकाच हंगामातली दोन चित्रं घ्या, डिसेंबरच्या मध्याचं आणि मार्चच्या मध्याचं, आणि पहिल्यातून दुसरं वजा करा. जिथे आकडा फारसा पडत नाही ते सदाहरित: अकेशिया, काजू किंवा कुळागर. जिथे सपाटून पडतो ते पानगळीचं. डोंगराच्या उत्तर उतारावर डिसेंबरात सावली असते, तेवढा भाग बाजूला काढा.

पानगळीचा पट्टा बघून मला आनंद झाला होता, रान परत येतंय म्हणून. पण रानमोडी हे माजलेलं झुडपी तणही मार्चपर्यंत वाळून खडंग होतं, गवतही. तिघांचाही आकडा पडतो. त्यामुळे शेवटी पायांनाच काम.

क्यूफील्ड हे फुकट अॅप फोनवर घ्या, नकाशा त्यात टाका. क्यूजीआयएसला सांगून डंपाच्या हद्दीत ४० यादृच्छिक बिंदू पाडून घ्या. स्वतः निवडू नका, नाहीतर रस्त्याच्या कडेचेच निवडाल, मीही निवडले होते. झाडांखाली फोनचं जीपीएस पाच-दहा मीटर चुकतं, म्हणून बिंदूभोवती तीस मीटरपर्यंत एकसारखंच काही असेल तरच नोंद करा. लिहायचं काय: वरचं झाड कोणतं, खाली रोपं आहेत का, कुठली, पायाखाली माती आहे की पाला. नंतर नकाशा काय म्हणाला आणि डोळ्यांनी काय पाहिलं, याचा चौकोनी तक्ता करा. ४० पैकी किती जुळले ते नकाशाच्या कोपऱ्यात लिहा, आकडा लाजिरवाणा असला तरी. डंपाचा उतार भुसभुशीत असतो आणि पावसाने त्यात घळी पडतात. एकट्याने जाऊ नका, मालकीची जागा असेल तर परवानगी घ्या, आणि खड्ड्याच्या काठाशी तर अजिबात नको.

माझ्यासोबत बाबा आले. अकेशियाखाली वाळलेल्या पानांचा जाड थर होता, चालताना करकर वाजणारा, कुजायचं नाव नाही. त्याखालून फारसं काही उगवलेलं दिसलं नाही. पलीकडे, जिथे कोणी लागवड केली नव्हती आणि एक घळ पडली होती, तिथे मात्र रानमोडीच्या आडोशाला किंदळाची गुडघाभर रोपं होती. एका पिक्सेलएवढ्या जागेत. बाबांनी त्यांतली सहा मोजली, मी क्यूफील्डवर बिंदू टाकला.

घरी येऊन नकाशाच्या खुणांची यादी बदलली. 'हिरवं' असा एकच रंग होता, त्याचे तीन केले: लावलेलं सदाहरित, रानमोडी-गवत, आणि आपोआप आलेलं रान. तिसऱ्या रंगाचे नकाशावर मोजके ठिपके आहेत. बाबांनी नकाशा बघितला, घळीतला ठिपका शोधून काढला आणि म्हणाले, पुढच्या मार्चला परत जाऊ, पण शिगम्याआधी. नंतर ऊन सोसत नाही.